आत्मकथनातील ‘मी’ आणि पडद्यावरील ‘तो’ : फेलिनीच्या ‘कॅसानोव्हा’चा एक अभ्यास

१. प्रास्ताविक

साहित्यकृतीचे चित्रपटात माध्यमांतर होते तेव्हा त्यासंबंधीची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते. दिग्दर्शकाने मूळ कृतीशी इमान राखले की नाही, हा तो प्रश्न. मूळ कृती कादंबरी वा नाटक असेल तर तो काही अंशी उपयुक्तही ठरतो, कारण कथानक, पात्रे, वातावरण यांची तुलना करता येते. मूळ कृती आत्मचरित्र असेल तर मात्र अडचण निर्माण होते. आत्मचरित्राचे प्राणतत्त्व त्यातील घटनांपेक्षा त्या घटना सांगणाऱ्या प्रथमपुरुषी निवेदनात असते. घडून गेलेल्या आयुष्याकडे वळून पाहणारा, निवडणारा, लपवणारा, समर्थन करणारा ‘मी’ हाच आत्मचरित्राचा खरा नायक होय. कॅमेऱ्यासमोर हा ‘मी’ उभा राहताच तो इतरांसारखाच एक ‘तो’ होतो. तो दिसतो, पण त्याच्या दृष्टीने जग दिसेलच याची शाश्वती नसते.

या अडचणीचे अत्यंत टोकाचे आणि म्हणूनच अभ्यसनीय उदाहरण म्हणजे इटालियन दिग्दर्शक फेडेरिको फेलिनी (१९२०-१९९३) याचा १९७६ सालचा चित्रपट होय. अठराव्या शतकातील व्हेनिसचा प्रसिद्ध स्त्रीलंपट जाकोमो कॅसानोव्हा याच्या विस्तृत आत्मचरित्रावर तो आधारलेला आहे. चित्रपटाच्या इटालियन नावाचा शब्दशः अर्थ ‘फेडेरिको फेलिनीचा कॅसानोव्हा’ असा होतो. नावातील षष्ठी विभक्ती अर्थपूर्ण आहे. पडद्यावर येणारा कॅसानोव्हा हा स्वतःचा नाही, दुसऱ्या कोणाचा तरी आहे, ही सूचना तेथेच मिळते. प्रदर्शनानंतर या चित्रपटाविषयी टोकाची मतभिन्नता दिसून आली. अनेकांना तो थंड, कंटाळवाणा, नायकाविषयी कोणतीही सहानुभूती नसलेला आणि निव्वळ दृश्यवैभवात हरवलेला वाटला. इतरांनी त्यात फेलिनीच्या प्रतिभेचा एक परिपक्व आविष्कार पाहिला. स्वतः फेलिनीने तर आपल्या सर्वांत पूर्ण आणि धाडसी चित्रपटांत त्याची गणना केली.

प्रस्तुत लेखात या चित्रपटाचा विचार आत्मचरित्रावरील एक टीकाग्रंथ म्हणून केला आहे. फेलिनी कॅसानोव्हाच्या घटना घेतो आणि त्याचे निवेदन काढून घेतो. त्यातून उत्पन्न होणारा थंडपणा हा चित्रपटाचा दोष नसून त्याचा युक्तिवाद आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. मात्र या युक्तिवादाची एक किंमत आहे आणि ती चित्रपटातील स्त्रियांना मोजावी लागली आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे.

२. मूळ संहिता

कॅसानोव्हाचा जन्म २ एप्रिल १७२५ रोजी व्हेनिस येथे झाला. आई झानेत्ता फारुस्सी ही नटी होती. मुलांना आजीकडे ठेवून ती परमुलखात गेली आणि पुढे ड्रेस्डेनच्या दरबारी रंगभूमीवर स्थिरावली. कॅसानोव्हाने धर्मशिक्षण, सैन्य, व्हायोलिनवादन, जुगार, लॉटरीचे व्यवस्थापन, हेरगिरी, गूढविद्येचा व्यापार असे नाना उद्योग केले. जुलै १७५५ मध्ये त्याला व्हेनिसच्या राज्य-इन्क्विझिटरांच्या आज्ञेने अटक झाली. शिशाच्या पत्र्यांच्या छपराखालील प्रसिद्ध तुरुंगातून १७५६ च्या शरदात त्याने पलायन केले आणि त्या एका घटनेने तो युरोपभर गाजला. त्यानंतरची जवळजवळ दोन दशके त्याने पॅरिस, लंडन, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग, वॉर्सा, माद्रिद अशी भटकंती केली. उतारवयात, १७८५ पासून, बोहेमियातील डुक्स येथे काउंट वाल्डश्टाइनच्या वाड्यात तो ग्रंथपाल म्हणून राहिला आणि ४ जून १७९८ रोजी तेथेच मरण पावला.

‘माझ्या जीवनाची कथा’ हे आत्मचरित्र त्याने डुक्स येथे, १७९० च्या आसपास लिहावयास घेतले. त्याच्या लेखनाविषयी तीन गोष्टी येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली गोष्ट भाषेची. व्हेनिसच्या बोलीत वाढलेल्या या लेखकाने आत्मचरित्रासाठी फ्रेंच भाषा निवडली, कारण ती इटालियनपेक्षा अधिक दूरवर वाचली जात होती. दुसरी गोष्ट लेखनहेतूची. भोगलेले सुख आठवले म्हणजे ते पुन्हा भोगता येते, ही धारणा त्याने प्रस्तावनेतच मांडली आहे. म्हणजे लेखन हाच त्याच्या म्हातारपणीचा उरलेला भोग होता. तिसरी गोष्ट मर्यादेची. हे आत्मचरित्र १७७४ पाशी, व्हेनिसला परतण्याची परवानगी मिळण्याच्या सुमारास तुटते. डुक्समधील वार्धक्य, नोकरांशी झालेली भांडणे, एकाकीपण यांचे वर्णन त्यात नाही. लिहिणारा म्हातारा आहे, पण लिहिला गेलेला म्हातारा होत नाही.

सुमारे ३,७०० पृष्ठांचे हे हस्तलिखित १८२१ मध्ये लाइपझिगच्या ब्रॉकहाउस या प्रकाशनसंस्थेकडे आले. प्रथम त्याचा संक्षिप्त जर्मन अनुवाद निघाला आणि पुढे जाँ लाफोर्ग याने भाषा सुधारून व मजकुरात फेरफार करून सिद्ध केलेली फ्रेंच आवृत्ती निघाली. मूळ संहिता संपूर्ण स्वरूपात १९६० ते १९६२ या काळातच प्रकाशित झाली. (हस्तलिखित २०१० मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने विकत घेतले.) म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ युरोपीय वाचकाच्या मनात जो कॅसानोव्हा वावरत होता तो बव्हंशी इतरांनी संपादित केलेला होता, आणि अस्सल संहिता हाती आल्यावर अवघ्या चौदा-पंधरा वर्षांत फेलिनीचा चित्रपट आला. ‘कॅसानोव्हा’ हे विशेषनाम तोवर सामान्यनाम होऊन बसले होते.

या ठिकाणी डॉन जुआन आणि कॅसानोव्हा यांतील भेदही लक्षात घ्यावयास हवा. डॉन जुआन हे सतराव्या शतकातील स्पॅनिश नाटकात अवतरलेले कल्पित पात्र होय. त्याला पाप आणि नरक यांची चौकट आहे आणि शेवटी शिक्षा आहे. कॅसानोव्हा ही ऐतिहासिक व्यक्ती असून तिने स्वतःची दंतकथा स्वतःच लिहिली. डॉन जुआनला शिक्षा देणारा पाषाणाचा पुतळा येतो, तर कॅसानोव्हाला शिक्षा करणारे कोणीही नसते. फेलिनीच्या चित्रपटाला पुतळ्याची ही जागा भरून काढावयाची आहे, असेही म्हणता येईल.

३. निवेदनाचे विसर्जन

निर्माता आल्बेर्तो ग्रिमाल्दी, सहपटकथाकार बेर्नार्दिनो झाप्पोनी, छायाचित्रणकार जुझेप्पे रोतुन्नो, संगीतकार निनो रोटा आणि वेशभूषेसाठी ऑस्कर पारितोषिक मिळवणारा डानिलो डोनाटी अशी या चित्रपटामागील प्रमुख मंडळी होत. व्हेनिस, लंडन, ड्रेस्डेन ही सारी नगरे रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत उभारली गेली. आत्मचरित्राविषयीची नावड फेलिनीने मुलाखतींतून लपवली नाही. माणसे आणि घटना यांची न संपणारी यादी असेच त्याला त्या ग्रंथाचे स्वरूप वाटले. अशा नावडीतून निर्माण झालेली कलाकृती मूळ संहितेस न्याय देईल काय, ही शंका स्वाभाविक आहे. तथापि नावड हीसुद्धा एक वाचनपद्धती असू शकते. टीकाकाराला न आवडलेल्या कृतीचे वाचन कित्येकदा भक्ताच्या वाचनापेक्षा अधिक सूक्ष्म असते.

चित्रपटात कॅसानोव्हाचा निवेदक आवाज अधूनमधून ऐकू येतो, परंतु त्या आवाजाची सत्ता चालत नाही. तो जे सांगतो त्याला दृश्य दुजोरा देत नाही. डॉनल्ड सदरलंड (१९३५-२०२४) या नटाचे कपाळ उंच भादरून, त्याला कृत्रिम नाक आणि हनुवटी लावून फेलिनीने त्याचा चेहरा मुखवट्यासारखा केला. इटालियन आवृत्तीत सदरलंडचे संवाद जिजी प्रोएत्ती या दुसऱ्या नटाच्या आवाजात आहेत. देह एकाचा आणि वाणी दुसऱ्याची, ही फेलिनीच्या चित्रपटांतील नित्याची तांत्रिक बाब. येथे मात्र तिला आपोआप अर्थ प्राप्त होतो. ज्याने आयुष्यभर वाणीच्या बळावर जग जिंकल्याचे सांगितले, त्याची वाणीच परकी झाली आहे.

निवेदन काढून घेतल्याने काय घडते हे तीन प्रसंगांच्या तुलनेतून स्पष्ट होईल.

पहिला प्रसंग जोगिणीच्या भेटीचा. आत्मचरित्रात मुरानो बेटावरील मठातील एक जोगीण, जिचा उल्लेख केवळ आद्याक्षरांनी येतो, कॅसानोव्हाला भेटते. तिचा आश्रयदाता फ्रेंच राजदूत द बेर्नी हा गुप्त छिद्रातून त्यांची भेट पाहणार असतो. ती हे कॅसानोव्हाला आधीच सांगते आणि तो राजी होतो. त्या रात्रीची गप्पागोष्टींनी भरलेली मेजवानी, परस्परांच्या बुद्धीचा आदर, लबाडीतील भागीदारी यांनी ही प्रकरणे रंगली आहेत. चित्रपटात मेजवानी नाही आणि संभाषणही जवळजवळ नाही. पेटीतून बाहेर काढलेला एक सोनेरी यांत्रिक पक्षी पंख हलवू लागतो, त्याच्या तालावर कवायतीसारखा संभोग होतो आणि भिंतीतील डोळा पाहत राहतो. कार्यभाग आटोपल्यावर कॅसानोव्हा त्या डोळ्याकडे वळून आपले पांडित्य, रसायनविद्या, स्थापत्यज्ञान यांची महती सांगू लागतो आणि चाकरीची अपेक्षा व्यक्त करतो. उत्तर येत नाही, कारण पाहणारा निघून गेलेला आहे. परततीच्या वाटेवर प्लास्टिकच्या कापडाचा काळा समुद्र खवळतो आणि त्यातच त्याला अटक होते. आत्मचरित्रात ज्या प्रसंगाला तीन सहभागी आहेत, तेथे चित्रपटात एक कसरतपटू आणि एक प्रेक्षक उरतो.

दुसरा प्रसंग आरिओस्तोच्या पठणाचा. १७६० मध्ये कॅसानोव्हा व्होल्तेरला भेटला. त्या भेटीत त्याने ‘ऑर्लांडो फ्युरिओसो’ या महाकाव्यातील नायकाच्या उन्मादाचे कडवे म्हणून दाखविले, म्हणताना तो स्वतः रडला आणि ऐकणारेही गहिवरले, असे तो लिहितो. फेलिनी आरिओस्तोचे पठण व्होल्तेरच्या बैठकीतून उचलून डुक्सच्या वाड्यात आणतो. आता पठण करणारा जख्ख म्हातारा आहे, पोशाख जुना झाला आहे, अभिनयाची पद्धत कालबाह्य झाली आहे आणि तरुण श्रोते हसू आवरू शकत नाहीत. काव्य आणि म्हणणारा यांत बदल नाही. बदलला आहे तो साक्षीदार. आत्मचरित्रात श्रोत्यांचे अश्रू आपल्यापर्यंत पोहोचतात ते कॅसानोव्हाच्याच लेखणीतून. चित्रपटात श्रोत्यांचे हसू आपण स्वतः पाहतो. आत्मचरित्र या वाङ्मयप्रकारासंबंधीचा इतका नेमका प्रश्न एखाद्या समीक्षाग्रंथातही क्वचितच मांडला गेला असेल. ‘मी’ने सांगितलेला परिणाम खरा कशावरून?

तिसरा प्रसंग लंडनचा. आत्मचरित्रात शार्पियाँ या तरुणीने झुलवल्यामुळे विटलेला कॅसानोव्हा खिशात शिसे भरून थेम्स नदीकडे निघतो, पण वाटेत भेटलेला एक इंग्रज मित्र त्याला परावृत्त करतो. मैत्री, रंगेल रात्र आणि जगण्याची परतलेली ओढ, असा तो प्रसंग वळतो. चित्रपटात मित्र नाही. पाण्यात उतरलेल्या कॅसानोव्हाला दिसते ती एक महाकाय स्त्री आणि तिच्यासोबतचे दोन बुटके. तिच्या मागे तो जत्रेत जातो, तेथे देवमाशाच्या पोटात शिरून स्त्रीदेहाची भयचित्रे पाहतो आणि रात्री त्या महाकाय स्त्रीला न्हाताना, गाताना, बाहुल्यांशी खेळताना चोरून न्याहाळतो. तिचे गीत व्हेनिसच्या बोलीत आहे. ते आणि चित्रपटाच्या आरंभीच्या उत्सवातील बोलीतील रचना कवी आंद्रेआ झांझोत्तो याने या चित्रपटासाठी मुद्दाम लिहिल्या.

बोलीचा हा वापर भाषेच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. आरंभी कालव्याच्या पाण्यातून एका देवतेचे प्रचंड मस्तक दोरांनी वर ओढले जाते, समुदाय तिला बोलीत आळवतो, दोर तुटतात आणि मस्तक पुन्हा बुडते. बोली म्हणजे आई, बालपण, पाण्याखालचे व्हेनिस. फ्रेंच म्हणजे दरबार, कीर्ती, आत्मचरित्र. कॅसानोव्हाने कीर्तीसाठी जी मायबोली मागे टाकली ती फेलिनी त्याला ऐकवतो, तीही भिंतीआडून, परक्या शहरात, पराभवाच्या रात्री. ही भर संहितेत नाही. पण संहिता कोणत्या भाषेत लिहिली गेली या वस्तुस्थितीवरील ते भाष्य आहे.

४. शृंगाराभास

कॅसानोव्हाच्या चित्रपटात शृंगार नाही, ही तक्रार वारंवार केली गेली. या तक्रारीचे उत्तर देण्यासाठी भारतीय साहित्यशास्त्रातील रसाभासाची कल्पना साहाय्यक ठरते. एका परंपरेची परिभाषा दुसऱ्या परंपरेतील कृतीस लावताना जपून पावले टाकावी लागतात, हे खरे. तथापि येथे ती परिभाषा कृतीचे स्वरूप अधिक नेमके दाखविते.

भरताने शृंगाराची अनुकृती हास्यास जन्म देते असे सुचविले आहे. अभिनवगुप्ताने सीतेविषयीच्या रावणाच्या अभिलाषेचे उदाहरण घेऊन त्याचा विस्तार केला. रावणाच्या ठिकाणी रती असली तरी ती एकतर्फी आहे. त्याला मात्र ती परस्परांची वाटते. हा भ्रम प्रेक्षकाला कळतो आणि शृंगाराच्या जागी शृंगाराभास येऊन त्याचे पर्यवसान हास्यात होते. उत्तरकालीन शास्त्रकारांनी आभासाचे मूळ अनौचित्यात पाहिले.

फेलिनीच्या चित्रपटात विभावानुभावांची सर्व सामग्री उपस्थित आहे. चांदणे, सुगंध, रेशीम, संगीत, उत्सुक स्त्रिया, सारे काही आहे. परंतु उद्दीपनाचे काम यांत्रिक पक्ष्याकडे सोपवले आहे. रोममधील एका मेजवानीत तर कॅसानोव्हा आणि एक गाडीवान यांच्यात ठरावीक वेळात संभोगांची संख्या मोजण्याची पैज लागते. अनुभाव आहेत, स्थायी भाव नाही. रावणाच्या उदाहरणात नायकापाशी रती आहे, नायिकेपाशी नाही. येथे परिस्थिती उलट झाली आहे. स्त्रियांच्या बाजूने काही ना काही भाव दिसतो, पोकळ आहे तो नायक. शृंगाराभासाची ही जात प्राचीन शास्त्रकारांच्या उदाहरणांत सहसा आढळत नाही आणि तिचे पर्यवसानही निराळे होते.

हास्याची अपेक्षा दुसऱ्या बाजूनेही सिद्ध होते. फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बेर्गसाँ याने १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हास्यविषयक ग्रंथात सजीवावर यांत्रिकतेचे आरोपण हे हास्याचे मूळ मानले. त्या न्यायाने हा चित्रपट प्रहसन व्हावयास हवा. काही ठिकाणी तो प्रहसन होतोही. पण हसू टिकत नाही, कारण यांत्रिकता एका माणसापुरती मर्यादित राहत नाही. कॅसानोव्हाचे शतक हेच यंत्रमानवांचे शतक होते. व्होकाँसोँचे यांत्रिक बदक १७३९ मध्ये लोकांपुढे आले. ला मेत्री याने त्याच शतकाच्या मध्यास मनुष्याला यंत्र ठरविणारा ग्रंथ लिहिला. जाके-द्रो यांची लिहिणारी, चित्रे काढणारी बाहुली-मुले १७७० च्या दशकात युरोप पाहत होता. बुद्धिवादाच्या या युगाने माणसाला समजून घेण्यासाठी यंत्राचे रूपक घेतले आणि फेलिनीने ते रूपक त्या युगाच्या सर्वांत प्रसिद्ध प्रियकरावर उलटविले. प्रेक्षक हसू पाहतो तेव्हा त्या हास्याचा विषय एक व्यक्ती न राहता एक संस्कृती होते, आणि हास्याची जागा अस्वस्थता घेते.

निनो रोटाच्या संगीताचे कार्यही याच दृष्टीने पाहता येईल. किल्ली दिलेल्या संगीतपेटीतून यावेत तसे त्याचे सूर येतात. ते गोड असतात, पुन्हापुन्हा तेच असतात आणि केव्हाही थांबतील असे वाटत राहते.

५. हिशेबाची दुसरी बाजू

येथवर चित्रपटाच्या युक्तिवादाचे सामर्थ्य पाहिले. त्यातील उणीव सर्वाधिक जाणवते ती आंरिएतच्या प्रकरणात. आत्मचरित्रात १७४९ मध्ये पुरुषी लष्करी वेषात प्रवास करणारी ही फ्रेंच स्त्री कॅसानोव्हाला भेटते. पार्मा येथील एका मेजवानीत ती अनपेक्षितपणे चेल्लो वाजवते आणि कॅसानोव्हा बाहेर बागेत जाऊन रडतो. काही महिन्यांनी ती त्याला जिनिव्हा येथे सोडून जाते. अंगठीच्या हिऱ्याने तिने खोलीच्या खिडकीच्या काचेवर लिहून ठेवलेले असते की, तो आंरिएतलाही विसरेल. त्याच सरायीत वर्षांनंतर परतलेल्या कॅसानोव्हाला ती अक्षरे पुन्हा दिसतात. ग्रंथातील हा बहुधा सर्वांत हृद्य भाग होय, आणि त्याचे कारण असे की येथे एका स्त्रीने नायकाबद्दलचे आपले मत स्वतः लिहिले आहे. विसरणारा कोण आणि ओळखणारी कोण, हे तिला ठाऊक होते. आत्मचरित्रकाराने ते मत गाळले नाही.

फेलिनीने चेल्लो घेतला आणि अश्रूही घेतले. वादन आणि अश्रू ही दृश्ये चित्रपटातील मोजक्या उबदार क्षणांपैकी आहेत. परंतु काचेकडे तो वळला नाही. चित्रपटातील आंरिएत येते आणि नाहीशी होते. आपल्या प्रियकराविषयी तिचे मत काय होते, ते कळत नाही. शार्पियाँचेही तसेच झाले. आत्मचरित्रात ती कॅसानोव्हाला बोलण्यात हरवते, त्याची फजिती करते आणि त्याच्या अधःपाताचा आरंभबिंदू ठरते. चित्रपटात ती काही क्षणांची कटकट आहे. यात एक विपर्यास आहे. स्त्रियांना बाहुल्या समजणाऱ्या पुरुषावर आरोप करणारा चित्रपट त्या स्त्रियांना बव्हंशी बाहुल्यांसारखेच हाताळतो. त्या विचित्र, अवाढव्य, फिकट, विकट अशा दिसतात, पण त्यांच्या तोंडी नायकाला निरुत्तर करील असे फारसे येत नाही. निवेदक ‘मी’ला गप्प करताना त्याच्या निवेदनात शिरलेले इतरांचे आवाजही गप्प झाले.

याचा अर्थ आत्मचरित्र निष्पाप आहे असा मात्र मुळीच नव्हे. त्यातील स्त्रियांचे बोलणे कॅसानोव्हानेच लिहिलेले आहे. कित्येक प्रसंगांत फसवणूक, पैशाचा व्यवहार आणि बळजबरी आहे. वृद्ध मार्किझ द्युर्फे हिला पुनर्जन्माचे आमिष दाखवून त्याने वर्षानुवर्षे लुबाडले, आणि हे तो फारशी खंत न बाळगता सांगतो. अल्पवयीन मुलींशी आलेल्या त्याच्या संबंधांची वर्णने आजच्या वाचकाला अस्वस्थ करतील आणि करावयास हवीत. पण लबाड साक्षीदाराच्या जबानीतही इतरांचे शब्द कधी कधी सुरक्षित राहतात. निवेदकाच्या इच्छेविरुद्ध संहितेत टिकून राहणारे हे शब्द शोधणे, हे आत्मचरित्राच्या अभ्यासकाचे काम आहे. फेलिनीने साक्षीदाराला खोटा ठरवून जबानीच फेटाळली.

६. बाहुली आणि बर्फ

चित्रपटाच्या अखेरच्या भागात या विपर्यासाची जाणीव चित्रपटाला स्वतःलाच झाली असावी, असे वाटते. ड्रेस्डेनच्या नाट्यगृहात प्रयोग संपतो, झुंबरे खाली उतरवून मेणबत्त्या विझविल्या जातात आणि रिकाम्या प्रेक्षागारातून म्हातारी आई मुलाला हाक मारते. तिला चालवत नाही म्हणून तो तिला पाठीवर घेतो. संपूर्ण चित्रपटात कॅसानोव्हाने एखाद्या स्त्रीचा देह केवळ भार म्हणून, सेवाभावाने उचलल्याचे हे जवळजवळ एकमेव दृश्य आहे.

त्यानंतर व्युर्टेम्बर्गच्या दरबारात रोझाल्बा ही यांत्रिक बाहुली येते. एका नर्तिकेने साकारलेली ही बाहुली आत्मचरित्रात नाही. जर्मन लेखक हॉफमनच्या ‘वाळूवाला’ या कथेतील ऑलिंपिया या बाहुलीशी तिचे नाते जवळचे आहे. कॅसानोव्हा तिच्याशी अदबीने बोलतो, तिच्याबरोबर नाचतो, तिला शय्येवर नेतो. आणि या प्रसंगी यांत्रिक पक्ष्याची सारी कवायत मागे पडून त्याच्या वागण्यात प्रथमच संकोच आणि कोमलता दिसते. शृंगाराभासाची ही परिसीमा होय. येथे परस्परता शून्य आहे, कारण समोर चेतनाच नाही. पण याच ठिकाणी नायकाच्या बाजूने रतीसदृश काहीतरी उमटते. यंत्राला यंत्र भेटले म्हणून ही कोमलता, की आजवर कोणाकडे पाहिलेच नाही याची उशिराची जाणीव म्हणून? चित्रपट निर्णय देत नाही. पर्यवसान मात्र हास्यात न होता करुणात होते.

डुक्सच्या वाड्यात नोकर त्याची चेष्टा करतात, मनासारखी मॅकरोनी मिळत नाही म्हणून तो चिडतो, त्याचे चित्र शौचालयाच्या भिंतीवर विष्ठेने चिकटवले जाते. जेवणाखाण्यावरून आणि मानापमानावरून झालेल्या अशा तक्रारींची नोंद त्याचा समकालीन स्नेही प्रिन्स द लीन्य याने करून ठेवली आहे. आत्मचरित्राने जे वार्धक्य वगळले त्यातच चित्रपट शिरतो. शेवटी लालसर डोळ्यांचा म्हातारा एक स्वप्न सांगतो. व्हेनिसचा मोठा कालवा गोठलेला आहे. ओळखीच्या स्त्रिया दिसतात आणि निसटतात. सोन्याच्या गाडीतून आई आणि पोप स्मित करतात. मग रोझाल्बा येते आणि दोघे बर्फावर नाचू लागतात. हळूहळू त्यांचे पाय थांबतात आणि संगीतपेटीवरील बाहुल्यांसारखे दोघे नुसते फिरत राहतात.

या स्वप्नाला निवेदक कॅसानोव्हा आहे, ही बाब सूचक आहे. अडीच तास ज्याच्या शब्दाला किंमत दिली नाही त्याच्या हाती फेलिनी अखेरचे निवेदन देतो. आठवलेले सुख पुन्हा भोगता येते, या आत्मचरित्रकाराच्या श्रद्धेला दिलेले ते उत्तरही आहे. आठवण परत येते, पण गोठून येते. ज्याला आठवावयाचे त्याच्याशी जिवंत नाते नसेल तर स्मृतीही बाहुलीच होते.

७. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. फेलिनीच्या ‘कॅसानोव्हा’ला चरित्रपट मानले तर तो अपुरा आणि अन्यायकारक ठरतो. त्याला आत्मचरित्रावरील टीका मानले तर त्याचा थंडपणा, कृत्रिम समुद्र, मुखवट्याचा चेहरा आणि परकी वाणी या सर्वांची संगती लागते. त्याच्याविषयीची मतभिन्नता बव्हंशी या दोन अपेक्षांच्या घोटाळ्यातून निर्माण झालेली आहे. ‘मी’ने स्वतःविषयी सांगितलेला परिणाम दृश्याच्या कसोटीवर घासून पाहणे, हे या चित्रपटाचे मोठे यश आहे. ‘मी’बरोबर त्याने सांभाळलेले ‘तिचे’ शब्दही पुसून टाकणे, हे त्याचे अपयश आहे.

यासाठीच आत्मचरित्राच्या अध्यापनात या दोन कृती एकमेकींच्या पर्याय म्हणून न ठेवता एकमेकींच्या उलटतपासणीसाठी ठेवाव्यात. ग्रंथ वाचताना आरिओस्तोच्या पठणाला हसणारे तरुण आठवावेत, आणि चित्रपट पाहताना खिडकीच्या काचेवरील अक्षरे. कोणत्याही आत्मचरित्रकाराने सांगितलेल्या टाळ्या आणि अश्रू यांवर लगेच विश्वास ठेवू नये, हे फेलिनी शिकवतो. त्याच आत्मचरित्रात त्याच्याविरुद्ध कोणी काही लिहून ठेवले आहे काय, हे शोधावयास आंरिएत शिकवते. माध्यमांतराच्या अभ्यासात ‘इमान’ हा शब्द वापरावयाचाच असेल, तर तो या दुहेरी वाचनाशी राखलेल्या इमानाच्या अर्थाने वापरणे अधिक सयुक्तिक ठरेल.